दुधाचे खाडे आणि वजा वजा अधिक

भाचीच्या सहामाहीच्या पेपरात एका गणितावर लाल फुली होती. −३ − ५ = ८. मी विचारलं, "हे आठ कुठून आले गं?" ती अगदी शांतपणे म्हणाली, "मामा, वजा वजा अधिक."

चूक तिची म्हणावी तर सूत्र तिने प्रामाणिकपणे वापरलं होतं. सूत्र गुणाकाराचं, वापरलं बेरजेत, एवढंच. आपल्याकडे सहावीत पूर्णांकांची बेरीज-वजाबाकी येते, सातवीत गुणाकार-भागाकार. मधल्या मे महिन्याच्या सुट्टीत काय-काय कशात मिसळतं देव जाणे. मी तिला म्हटलं, "वाण्याकडे तुझी तीनशेची उधारी आहे. आणखी पाचशेचं सामान उधार आणलंस. आता तो तुला आठशे रुपये देईल?" ती हसली. बेरीज तिथेच सुटली.

पण मग तिने विचारलं, "गुणाकारात तरी अधिक का होतं?" शाळेत मिळालेलं उत्तर होतं, शत्रूचा शत्रू तो मित्र. हे उत्तर मीही लहानपणी ऐकलं होतं आणि तेव्हाही पटलं नव्हतं. एक तर म्हण म्हणजे कारण नव्हे. दुसरं, शत्रूचा शत्रू आपलाही शत्रू असू शकतो, हे कुठल्याही ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत दिसतं.

खरं कारण कळायला पूर्णांकांचे काही गुणधर्म हाताशी हवेत. पुस्तकातली नावं जड आहेत, गोष्टी रोजच्या आहेत. क्रमनिरपेक्षता म्हणजे बेरजेत आणि गुणाकारात संख्यांची अदलाबदल चालते. चार रांगांत सहा-सहा खुर्च्या मांडा नाहीतर सहा रांगांत चार-चार, खुर्च्या चोवीसच. साहचर्य म्हणजे कंस कुठेही घाला, फरक पडत नाही. वजाबाकीला मात्र दोन्ही चालत नाहीत. (१० − ४) − ३ म्हणजे ३, आणि १० − (४ − ३) म्हणजे ९. यावर गणितज्ञांनी काढलेला तोडगा मला फार आवडतो: वजाबाकी करायचीच नाही, विरुद्ध संख्या मिळवायची. १० + (−४) + (−३) असं लिहिलं की क्रम बदला, कंस हलवा, उत्तर ३च. पासबुकातलं तेच बघा. जमा आणि नावे या नोंदी दिवसभरात कोणत्याही क्रमाने झाल्या तरी संध्याकाळची शिल्लक तीच. (मध्ये शिल्लक किमान रकमेखाली गेली म्हणून बँकेने दंड कापला, तर तो पूर्णांकांचा दोष नव्हे.)

शून्याचं कामही इथेच आहे. ते मिळवलं तर काही बदलत नाही आणि ४ व −४ एकत्र आले की तेच उरतं. शून्य नसलं की काय होतं याचा नमुना आपल्या इतिहासाच्या पुस्तकात आहे. इसवी सन पूर्व १ नंतर थेट इसवी सन १ येतं, मध्ये शून्य वर्ष नाही. त्यामुळे इ.स.पू. ५ पासून इ.स. ५ पर्यंत दहा नव्हे, नऊच वर्षं भरतात. खगोलशास्त्रज्ञांना हे परवडत नाही, म्हणून ते इ.स.पू. १ ला सरळ शून्य वर्ष धरतात.

आता माझ्या लाडक्या गुणधर्माकडे येतो: वितरण. नाव ऐकून कुणालाच उत्साह वाटत नाही, पण बाजारात तो सगळ्यांना येतो. मंडईतल्या मावशींकडून अठरा रुपये पावाने पाच पाव घेवडा घेतला. त्या म्हणतात, "विसाने शंभर, दोन-दोन कमी म्हणजे दहा गेले, नव्वद द्या." म्हणजे ५ × (२० − २) = १०० − १०. पाचाने विसालाही गुणलं आणि दोनालाही. वितरण म्हणजे एवढंच.

दुधाच्या हिशोबात हेच दोन्ही बाजूंनी येतं. आमच्याकडे भिंतीवरच्या कॅलेंडरवर दुधाचे खाडे मांडतात, दूध आलं नाही त्या तारखेवर फुली. समजा रोज एक लिटर, भाव ७० रुपये, महिना तीस दिवसांचा. जुनं गिऱ्हाईक म्हणून दूधवाला लिटरमागे २ रुपये सोडतो. या महिन्यात तीन खाडे झाले. बिल किती?

भाचीने असं केलं. पूर्ण महिन्याचे ३० × ७० = २१००. तीन खाड्यांचे ३ × ७० = २१० वजा. सवलतीचे ३० × २ = ६० वजा. उरले १८३०. मग मी तिला सरळ हिशोब करायला सांगितला: दूध आलं २७ दिवस, भाव पडला ६८ रुपये, २७ × ६८ = १८३६.

सहा रुपयांचा फरक. ती दोनदा तपासून बसली. गुणाकारात चूक नव्हती.

चूक कॅलेंडरवरच्या त्या तीन फुल्यांपाशी होती. खाड्याच्या दिवसाचे ७० रुपये आपण आधीच पूर्ण कापले. त्यानंतर सवलत मात्र तीसही दिवसांची कापली. म्हणजे जे दूध आलंच नाही, त्यावरही दोन-दोन रुपये सवलत घेतली. तीन दिवसांचे सहा रुपये दूधवाल्याचे आपल्याकडे जास्तीचे आले, ते परत मिळवायला हवेत. आता हेच मांडून बघा:

(३० − ३) × (७० − २) = २१०० − ६० − २१० + ६

शेवटचे ६ कुठून आले? (−३) आणि (−२) यांच्या गुणाकारातून. ते +६ धरले तर बिल १८३६ होतं. −६ धरले तर १८२४ होतं, आणि दूधवाला भांडायला दारात उभा राहतो. वजा वजा अधिक हा कुणी काढलेला हुकूम नाही. मावशींचा हिशोब ऋण संख्यांनाही लागू ठेवायचा असेल तर दुसरा पर्यायच उरत नाही.

दूध बाजूला ठेवून एका ओळीत सांगायचं तर असं. (−३) × (२ + (−२)) म्हणजे (−३) × ०, म्हणजे शून्य. वितरण केलं तर −६ आणि (−३) × (−२) यांची बेरीज शून्य व्हायला हवी. −६ मध्ये मिळवल्यावर शून्य देणारी संख्या एकच, ६.

एकदा हे कळलं की काही 'चमत्कारां'ची हवा जाते. ९८ × ९७ झटक्यात करून दाखवणारे क्लास गल्लोगल्ली आहेत. शंभराला दोन कमी, तीन कमी, म्हणून ९५, दोन त्रिक सहा, म्हणून ०६, उत्तर ९५०६. युक्ती झकास आहे. पण ती (१०० − २) × (१०० − ३) एवढीच आहे, आणि शेवटचे सहा म्हणजे आपल्या दुधाचेच सहा रुपये. याला 'वैदिक गणित' म्हणतात. ज्या पुस्तकातून हे नाव पसरलं ते १९६५ साली प्रसिद्ध झालं, आणि त्यातली सूत्रं उपलब्ध असलेल्या कुठल्याही वेदात सापडत नाहीत. मुलांना युक्ती जरूर शिकवा, फी घेताना वेदांना मध्ये आणू नका.

अभिमानच बाळगायचा तर खरी जागा आहे. ब्रह्मगुप्ताने इ.स. ६२८ मध्ये 'ब्राह्मस्फुटसिद्धान्ता'त धन आणि ऋण हेच शब्द वापरून नियम लिहिले: ऋण आणि धन यांचा गुणाकार ऋण, दोन ऋणांचा धन. त्यानेच शून्य भागिले शून्य म्हणजे शून्य असंही लिहिलं, ते आज आपण मानत नाही. दोन्ही गोष्टी एकाच श्वासात सांगायला हव्यात.

आणि भास्कराचार्य! त्यांच्या 'बीजगणिता'त माकडांचं एक कोडं आहे. कळपाचा पाचवा भाग घ्या, त्यातून तीन वजा करा, त्याचा वर्ग करा. तेवढी माकडं गुहेत गेली, एक फांदीवर बसलेलं दिसलं. कळप केवढा? उत्तरं दोन येतात, ५० आणि ५. पन्नासचं सरळ आहे: दहातून तीन गेले सात, साताचा वर्ग ४९, वर एक. पाचाचा पाचवा भाग एक, त्यातून तीन वजा केले की −२. वर्ग ४, अधिक एक, पाच. गणित चोख जुळतं. तरीही भास्कराचार्य पाच घेत नाहीत. ऋण झालेल्या अशा संख्येची लोकांना प्रतीती नसते, असं ते म्हणतात. वजा दोनाचा वर्ग चार होतो हे त्यांना पक्कं ठाऊक होतं, पण गुहेत जाण्याआधी माकडं वजा दोन झाली हे कुणाला सांगणार? भाची अडली ती साधारण इथेच.

आता थोडं अवघड, पण टाळवत नाही. संगणकात वजाचं चिन्ह नसतं, फक्त ० आणि १. एका घरात एकच ० किंवा १, अशा आठ घरांत ० ते २५५ एवढ्याच संख्या बसतात. मग −१ कसा लिहायचा? व्याख्येकडे जा: −१ म्हणजे १ मिळवल्यावर शून्य देणारी संख्या. २५५ मध्ये १ मिळवला की २५६ होतात, त्याला नववं घर लागतं, ते नाहीच. आठ घरांत सगळी शून्यं उरतात. म्हणून २५५ हाच यंत्राचा −१. मग (−१) × (−१)? २५५ × २५५ = ६५०२५. त्यातून २५६ चे गठ्ठे काढले तर २५४ गठ्ठे निघतात आणि उरतो १. यंत्राला 'वजा वजा अधिक' कुणी वेगळं शिकवावं लागत नाही.

इथे भाचीचे डोळे मिटायला लागले होते. मी तिला स्कूटरचं किलोमीटर मोजणारं जुनं मीटर आठवायला सांगितलं, पण दोनच आकडे असलेलं. ९९ नंतर ००. मागे फिरवलं तर ०० नंतर ९९, म्हणजे ९९ हा −१, ९८ हा −२, ९७ हा −३.

"मग अठ्ठ्याण्णव सत्त्याण्णवे पंच्याण्णवशे सहा," ती म्हणाली, "आणि मीटरवर दिसणार ०६." क्षणभर थांबली. "म्हणजे वजा दोन गुणिले वजा तीन, सहा!" मग कागद ओढून तिने ९७ × ४ केले. ३८८. शेवटचे ८८ बघून तिने कपाळाला आठ्या घातल्या, बोटांवर काहीतरी मोजलं आणि बाजूला लिहिलं: −१२.