तेलुगू पिक्चर, मराठी प्रेक्षक : सोलापुरातली पार्श्वभूमी

मोठा तेलुगू अ‍ॅक्शनपट लागला की सोलापुरात एक प्रश्न हमखास निघतो : तेलुगूतला बघायचा की हिंदी डब? तेलुगू अजिबात न येणारी कितीतरी मराठी मंडळी मूळ तेलुगू शोला जाऊन बसतात. पूर्व भागात, म्हणजे शहरातल्या तेलुगू विणकरांच्या वस्तीत, मित्र असले की ही सवय लागतेच.

पूर्व भागाची गोष्ट सोलापूरकराला नव्याने सांगायला नको. १८७७ साली ‘जुनी मिल’ ही कापडगिरणी निघाली, निजामाच्या मुलखातून पद्मशाली या तेलुगू विणकर समाजातली कुटुंबं येत राहिली, हातमागाचे यंत्रमाग झाले, बायकांच्या हाती विड्यांची सुपं आली. नारळी पौर्णिमेला मार्कंडेयाचा रथ निघतो. या माणसांबरोबर त्यांचे पिक्चरही आले.

इतर मराठी घरांत हे नायक शिरले ते टीव्हीमुळे. २००० नंतर हिंदी वाहिन्यांवर दुपारच्या वेळी डब केलेले चित्रपट सर्रास लागू लागले. नाव भलतंच, गाणी कापलेली, पण मारामारी अख्खी. पुढे २०१५ आणि २०१७ मध्ये दोन भागांत आलेल्या राजेशाही चित्रपटाने हेच प्रेक्षक थिएटरात खेचले. डिसेंबर २०२१ मध्ये रक्तचंदनाच्या तस्करीवरचा चित्रपट आला. त्यातल्या नायकाचा हिंदी आवाज तर एका मराठी अभिनेत्याचा होता.

या सगळ्याला आपण सरसकट ‘साउथचा पिक्चर’ म्हणू लागलो. हा शब्द मुंबईकडून आला आणि सोलापूरला तो बसत नाही. तेलुगू सिनेमा मद्रासमध्ये वाढला, तोवर त्यात काही अर्थ होता. पुढे तो टप्प्याटप्प्याने हैदराबादला आला. नकाशा काढून बघा : सोलापूर आणि हैदराबाद जवळजवळ एकाच अक्षांशावर आहेत, मध्ये सुमारे तीनशे किलोमीटर. हैदराबाद आपल्या पूर्वेला, आणि आपल्या शहरातली तेलुगू वस्तीही पूर्वेलाच. दक्षिणेला आहे ते विजापूर, आणि तिथली भाषा कानडी. सोलापूरच्या पोराने तेलुगू पिक्चरला ‘साउथ’ म्हणणं म्हणजे शेजारच्या घराला परगाव म्हणण्यासारखं आहे.

डबचा वादही इथूनच सुरू होतो. एकाच चित्रपटाच्या दोन आवृत्त्या आल्या की कुठल्या भाषेला किती शो द्यायचे, हे ठरवावं लागतं. हिंदीने जास्त लोक येतात, घरातल्या म्हाताऱ्यांपासून पोरांपर्यंत सगळ्यांना कळतं, हे म्हणणं खोटं नाही. तरी मूळ तेलुगू शो कमी करताना मराठी माणसाला ‘भाषा न येणारा’ म्हणून बाजूला काढलं जातं, ते मला पटत नाही. मराठी कानाला तेलुगूतलं बरंच काही आपसूक लागतं.

‘शिक्ष’ हा शब्द घ्या. नायक खलनायकाला शिक्ष म्हणतो तेव्हा त्याचा अर्थ आपलाच, दंड. हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण, म्हणून डबिंगमध्ये तिथे ‘सज़ा’ येतं. अक्का दोन्हीकडे अक्काच. तेलुगूतली ‘अत्त’ म्हणजे आपली आत्या, आणि सासूही. ‘बावा’ आणि ‘मरदलु’ म्हणजे आतेभाऊ-मामेबहीण. त्यांची थट्टा चालते, लग्न जुळतं, कधी त्या लग्नावरून तलवारी निघतात. मामाच्या मुलीशी लग्न मराठी घरांना नवीन नाही. उत्तरेत मात्र मामाची मुलगी म्हणजे बहीण, त्यामुळे हिंदीत हे नातं नीट उतरतच नाही आणि अर्ध्या भांडणाचं कारण हरवतं.

फसगतही होते. नायक हात वर करून ‘चालु’ म्हणतो तेव्हा मारामारी सुरू व्हायची नसते, थांबायची असते. चालु म्हणजे पुरे. ‘प्रतीकारं’ म्हणजे नुसता विरोध नसतो, सूड असतो. ‘अनुमानं’ म्हणजे संशय. पण हे दोन पिक्चरांत कळतं. शेजारी पूर्व भागातला कोणी असेल तर एका पिक्चरातही.

अर्थात शेजाऱ्यालाही सगळं आपलं वाटत होतं असं नाही. पडद्यावरची तेलुगू बरीच वर्षं किनारी आंध्रातल्या कृष्णा-गुंटूरकडची. तेलंगणाची बोली बहुतेक वेळा विनोदी पात्राच्या नाहीतर गुंडाच्या तोंडी. आणि सोलापुरातली तेलुगू तर तेलंगणातूनच आलेली, वर मराठी-कानडी मिसळलेली. २०१४ मध्ये तेलंगण राज्य झालं, त्यानंतर नायकही ती बोली अधिक बोलू लागले. अशाच एका शोला माझ्या शेजारी विडी कामगार अक्का बसल्या होत्या. नायकाने आईला हाक मारून जेवायला मागितलं आणि त्या एकदम माझ्याकडे वळून मराठीत म्हणाल्या, “हे बघ, आमच्या घरी असंच बोलतात.”