हवेतली धूळ आणि उन्हाचा उजेड ड्रोनने कसा मोजतो : ग्राहकांसाठी माहिती

खडी क्रशरवाले, बेदाणा शेडवाले, सोलर प्रकल्पवाले आणि अधूनमधून साखर कारखान्याचे लोक आमच्याकडे येतात. पहिला प्रश्न ठरलेला: मीटर जमिनीवर ठेवून भागत असेल तर ड्रोन कशाला?

कधी कधी भागतंच. पण थंडीत कृष्णाकाठी काय होतं ते बघा. रात्री जमीन निवते, तिच्यालगतची हवा गार होऊन खालीच बसते आणि वर तुलनेने उबदार हवेचं झाकण पडतं. पेटवलेल्या पाचटाचा, वीटभट्टीचा धूर त्या झाकणाखाली कोंडतो. उंच चिमणीचा धूर मात्र वरच्या वर पट्ट्यासारखा आडवा पसरतो आणि खालच्या मीटरला त्याचा पत्ताही नसतो. ऊन चढून खालची हवा ढवळली, की तोच पट्टा खाली उतरतो आणि मीटरचा आकडा अचानक उसळतो. चिमणी रात्रभर होती तशीच चालू असते. मालकाला वाटतं, दहा वाजता कोणीतरी काहीतरी पेटवलं. हा पट्टा किती उंचीवर आहे आणि किती जाड आहे, हे सांगायला ड्रोन लागतो.

उड्डाण पहाटे सुरू होतं. ड्रोन दर वीस मीटरला थांबत १२० मीटरपर्यंत चढतो. सेन्सरमधला छोटा पंखा हवा आत ओढतो, लेसरच्या झोतातून जाणारा प्रत्येक कण चमकतो आणि त्या चमकेवरून कणांची संख्या व आकार निघतो. हवा ओढणारी नळी पात्यांच्या वाऱ्यापासून लांब, पुढे काढलेली असते. उतरतानाचे आकडे आम्ही धरत नाही, कारण तेव्हा ड्रोन स्वतःच ढवळलेल्या हवेतून खाली येत असतो.

या सेन्सरला मर्यादा आहेत. दमट हवेत कण पाणी पिऊन फुगतात आणि आकडा खोटा वाढतो, म्हणून आर्द्रता सोबतच मोजतो आणि धुक्यातले आकडे बाद करतो. ०.३ मायक्रॉनपेक्षा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) बारीक कण त्याला जवळपास दिसत नाहीत. धुरात असे कण भरपूर असतात. उलट क्रशरची जाडी भुकटी नळीतच बसू शकते. म्हणून आमच्या अहवालात ‘इतक्या उंचीवर खालच्यापेक्षा किती पट’ हा भाग जास्त भरवशाचा असतो, नुसता आकडा कमी.

उजेडाचं मोजमाप वेगळं. ड्रोनवर आकाशाकडे तोंड केलेला प्रकाशमापक असतो. ड्रोन जरा कलला तरी वाचन बदलतं, म्हणून तो गिंबलवर, म्हणजे ड्रोन कलला तरी सपाट राहणाऱ्या जोडणीवर, बसवलेला असतो. तसाच दुसरा जमिनीवर ठेवतो, म्हणजे मध्येच ढग आला तर लगेच कळतं. वरचा आणि खालचा उजेड यांतला फरक म्हणजे मधल्या थराने अडवलेला उजेड.

हिशेब असा. जर्मन हवामानतज्ज्ञ कोश्मीडर यांनी १९२४ मध्ये दृश्यता (किती लांबवरचं दिसतं) आणि हवेचा धूसरपणा यांचं नातं मांडलं. ३.९ ला दृश्यतेच्या किलोमीटरने भागायचं, की दर किलोमीटरला उजेड किती विरतो त्याचा गुणांक मिळतो. समजा चार किलोमीटरपलीकडचा डोंगर दिसेनासा झालाय आणि धूसरपणा सगळीकडे सारखा आहे. सूर्य क्षितिजापासून ३० अंशांवर असेल तर किरणांना १२० मीटरचा थर तिरका, म्हणजे २४० मीटर कापावा लागतो. तेवढ्यात थेट किरणांचा साधारण पाचवा हिस्सा गळतो. सोलरवाल्यांनी घाबरू नये. गळलेल्यातला बराच उजेड विखरून पॅनेलवर पोचतोच. पॅनेलवर बसलेल्या धुळीचा हिशेब यात नाही, तिला धुणं हाच उपाय.

बेदाणावाल्यांना एक सांगणं. तासगाव, कवठे महांकाळ भागात शेडपासून हाकेच्या अंतरावर मुरमाचा रस्ता असतो आणि जाळीवर पसरलेल्या मण्यांवर बसणारी धूळ बहुतेक वेळा तिथलीच असते. तिथे ड्रोन नको. खांबावर सेन्सर लावा आणि रस्त्यावर पाणी मारा. टेकडीपलीकडच्या क्रशरवर संशय असेल तर मात्र बोलवा. तरीही शेडवरून आम्ही उडत नाही, पात्यांच्या वाऱ्याने आम्हीच धूळ उडवू.

आमचा अहवाल प्रदूषण मंडळाला द्यायच्या प्रमाणपत्राची जागा घेत नाही. पीएम २.५ (२.५ मायक्रॉनपर्यंतचे कण) साठी ६० आणि पीएम १० (१० मायक्रॉनपर्यंतचे) साठी १०० मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर ही देशाची मर्यादा २४ तासांच्या सरासरीची आहे. आमची बॅटरी अर्ध्या तासाच्या आत संपते. त्या कामाला मान्यताप्राप्त प्रयोगशाळाच हवी. सांगली शहर राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमाच्या यादीत असल्याने ही चौकशी आता वारंवार होते, म्हणून आधीच सांगून ठेवतो.

२०२१ च्या ड्रोन नियमांप्रमाणे ग्रीन झोनमध्ये, म्हणजे सरकारी नकाशावर हिरव्या दाखवलेल्या भागात, ४०० फुटांपर्यंत वेगळी परवानगी लागत नाही. उपकरणांसह आमचा ड्रोन दोन किलोच्या वर जातो, त्यामुळे नोंदणी आणि प्रमाणपत्रधारक पायलट दोन्ही आहेत. कराड विमानतळाच्या बाजूला काम असेल तर आधी झोनचा नकाशा बघू, तारीख त्यानंतर.

आम्ही येण्याआधी उच्चदाबाच्या तारा, मोबाइल टॉवर आणि शेजारच्यांची हरकत याबद्दल फोनवरच सांगा. क्रशर त्या दिवशी रोजच्यासारखा चालवा. आम्ही येणार म्हणून सकाळपासून पाणी मारून ठेवलेल्या क्रशरचं मोजमाप आम्ही घेऊ, बिलही लावू, पण ते तुमच्या काही कामाचं नसेल.