कॅसेटमधला मारिओ फाइलमध्ये नीट उतरला का?

ठाण्याच्या दमट हवेत तीस वर्षं माळ्यावर पडलेली व्हिडिओ गेमची कॅसेट अजून चालू शकते. श्रेय आतल्या मास्क रॉमचं. या चिपमधले शून्य आणि एक कारखान्यातच तिच्या घडणीत पक्के झालेले असतात, पेनड्राइव्हसारखा साठवलेला विद्युतभार तिथे नसतो. खराब होतात त्या बाहेरच्या पिना. आपण सगळे मारायचो त्या फुंकरीतली ओल तर गंजाला मदतच करायची.

पिना आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायच्या आणि कॅसेट डम्परला, म्हणजे ती वाचून तिची फाइल बनवणाऱ्या यंत्राला लावायची. खरी गोम इथे आहे. १९८५चा 'सुपर मारिओ ब्रदर्स' प्रोग्राम आणि चित्रं मिळून अवघ्या ४० किलोबाइटचा. पण तो ज्यावर चालायचा त्या निन्टेन्डोच्या एनईएस या गेमयंत्राला कॅसेटमधला प्रोग्राम एका वेळी साधारण ३२ किलोबाइटच दिसायचा. म्हणून मोठ्या गेममध्ये मॅपर नावाची चिप आली. ती हवा तो तुकडा समोर आणते. डम्परला मॅपर चुकीचा सांगितला तर तो एकच तुकडा पुन्हापुन्हा वाचतो. फाइल बरोबर आकाराची बनते, कधी गेमचं पहिलं चित्रही दिसतं, आणि आपण खूश! मळक्या पिनेमुळे चुकलेला एखादा बिट तर आठव्या लेव्हलपर्यंत कळत नाही.

त्यामुळे खेळून पाहणं ही तपासणी नव्हे. एसएचए-१सारखा हॅश, म्हणजे फाइलीच्या बोटाच्या ठशासारखा आकडा काढावा. एक बिट बदलला तरी हा आकडा पार बदलतो. कॅसेटसाठी 'नो-इन्ट्रो' आणि डिस्कसाठी 'रीडम्प' यांच्या, अचूक प्रतींचे हॅश नोंदवलेल्या याद्यांशी तो जुळला की काम झालं. फक्त एनईएसच्या फाइलीला सुरुवातीला इम्युलेटरसाठी, म्हणजे जुने गेम संगणकावर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरसाठी, १६ बाइट जोडलेले असतात, ते हिशेबातून वगळा. फाइलींना नावं देण्यात रविवार घालवू नका. याद्यांवरून सॉफ्टवेअर ती स्वतःच देतं.

घाई असेल तर सेव्हची. अनेक कॅसेटमध्ये सेव्ह बटण-सेलवर तग धरून असतो. सेल काढला की वर्षांची मेहनत गेली, म्हणून आधी सेव्ह वाचून घ्या.

प्लेस्टेशनच्या सीडीची नुसती आयएसओ, म्हणजे फक्त डेटाची एक फाइल काढली तर स्वतंत्र ट्रॅकवरचं संगीत मागे राहतं. 'बिन' (सीडीवरचा मजकूर) आणि 'क्यू' (ट्रॅकची यादी) अशी फाइलींची जोडी ठेवा.

दुसरी कॉपी त्याच कपाटात ठेवणं म्हणजे बॅकअप नव्हे, हे २६ जुलै २००५चं पाणी घरात शिरलेल्यांना सांगायला नको. नेरूळच्या भावाकडेही पाऊस तोच, एक कॉपी पुण्याला जाऊ द्या. वर्षानुवर्षं नुसतं ठेवायला पेनड्राइव्ह नको, त्यातला भार हळूहळू गळतो. हार्ड डिस्क बरी, पण वर्षातून एकदा जोडून हॅश पुन्हा ताडा.

कायद्याचं म्हणाल, तर १९५७च्या कॉपीराइट कायद्याचं कलम ५२ प्रोग्रामची प्रत रीतसर बाळगणाऱ्याला बॅकअपची मुभा देतं. स्टेशनबाहेर घेतलेली '९,९९,९९९ इन वन' कॅसेट त्यात बसत नाही. ती मुळातच चोरीची, आणि तिच्या घरगुती मॅपरपुढे डम्परही अनेकदा हात टेकतो.