शेंगाची चटणी, बेदाणा आणि एक ‘क्ष’

सोलापुरात शेंगाची चटणी करून विकणाऱ्याला मिश्रणाचं गणित कुणी शिकवावं लागत नाही. समजा, त्याच्याकडे दोन प्रतींचे दाणे आहेत, ११० रुपये किलोचे आणि १५० रुपये किलोचे. त्याला ४० किलो दाणे असे हवेत, की सरसकट १२५ रुपयांनी पडावेत. शिकवणीतली निम्मी पोरं इथं दोन्ही भावांची सरासरी काढतात. ती येते १३०, आणि गाडी तिथंच अडते. सरासरी चुकलेली नाही, पण दोन्ही दाणे निम्मे-निम्मे घेतले तरच ती चालते.

हलके दाणे क्ष किलो घेतले, तर भारी उरले (४० − क्ष). पोत्यात कसेही कालवा, मोजलेले पैसे तेवढेच राहतात:

११०क्ष + १५०(४० − क्ष) = १२५ × ४०

म्हणजे ६००० − ४०क्ष = ५०००, म्हणून क्ष = २५. हलके २५ किलो, भारी १५.

मुरलेला व्यापारी क्ष मांडतच नाही. भारी दाण्यात किलोमागे २५ रुपये जास्त जातात, हलक्यात १५ वाचतात. तीन किलो भारी घेतले की ७५ रुपयांचा खड्डा, तो बुजवायला पाच किलो हलके. झालं प्रमाण, ५:३. समीकरण तेच, फक्त तोंडी. मला विचाराल तर शाळेत आधी हेच सांगावं, क्ष मागाहून.

द्रव पदार्थांत मात्र जरा जपून. ५० मिली पाणी आणि ५० मिली शुद्ध अल्कोहोल एकत्र केलं तर १०० मिली भरत नाही, ९६-९७ च्या आसपास भरतं. वजनाची बेरीज मात्र चुकत नाही.

पोरं खरी फसतात ती बेदाण्याला. पंढरपूरकडच्या द्राक्षांत ८० टक्के पाणी धरा, बेदाण्यात १५. तर १०० किलो द्राक्षांचा बेदाणा किती? ‘८० मधून १५ गेले ६५, म्हणजे ३५ किलो!’ छे. वाळताना पाणी उडतं, गर कुठं जात नाही. तो आधी २० किलो होता, नंतरही २०च. आता हे २० किलो म्हणजे बेदाण्याचे ८५ टक्के: ०.८५क्ष = २०, क्ष = सुमारे २३.५ किलो. चार किलो द्राक्षांमागे किलोभर बेदाणा हा बागाईतदारांचा अंदाजही याच्या जवळपासच जातो.

भास्कराचार्यांच्या ११५० सालच्या ‘लीलावती’त हाच प्रकार सोन्यावर आहे. कस म्हणजे सोन्याच्या शुद्धतेचं माप, मासा हे जुनं वजन. १३, १२, ११ आणि १० कसाचं सोनं अनुक्रमे १०, ४, २ आणि ४ मासे घेऊन आटवलं, तर कस किती? कस आणि वजन यांच्या गुणाकारांची बेरीज २४०, वजन २० मासे, म्हणून कस १२. पुढं हेच सोनं शुद्ध करताना १६ मासे उरलं. हीण जळालं, २४० तसेच राहिले. २४० भागिले १६, कस १५.