अश्वशक्ती, पण कोणत्या उंचीवरची?

मे महिन्याच्या सुट्टीत भाचा आला की आमचा विमानांच्या ट्रम्प कार्डांचा डाव पडतो. परवा त्याच्याकडे दुसऱ्या महायुद्धातल्या स्पिटफायर या ब्रिटिश लढाऊ विमानाची मार्क ५ ही आवृत्ती आली, माझ्याकडे मार्क १. "अश्वशक्ती! माझी १,४७०. मामा, तुझी?" माझी १,०३०. गेलं कार्ड.

हरल्याचं काही नाही, पण छापील आकड्यांवर माझा आक्षेप आहे. १,०३० अश्वशक्ती १६,२५० फुटांवरची आहे आणि १,४७० आहे ९,२५० फुटांवरची. ही तुलनाच होत नाही.

दोन्ही विमानांत रोल्स-रॉइसचं मर्लिन इंजिन होतं: बारा सिलिंडर, त्यांची आतली जागा सगळी मिळून २७ लिटर. पुढच्या मर्लिनांतही हे २७ लिटर तसेच राहिले. वाढली ती आत कोंबलेली हवा. जास्त हवा म्हणजे जास्त पेट्रोल जाळता येतं. पण १६,००० फुटांवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या जेमतेम ६० टक्के असते. म्हणून सुपरचार्जर. ही इंजिनाच्याच जोरावर फिरणारी पात्यांची चकती. मार्क १ च्या मर्लिन ३ मध्ये तिचा व्यास सव्वादहा इंच होता आणि इंजिनाच्या एका फेऱ्यात ती ८.५८ फेरे घ्यायची. इंजिन मिनिटाला ३,००० फेऱ्यांवर, म्हणजे चकती जवळपास २५,७०० वर. तिच्या कडेचा वेग सेकंदाला सुमारे ३५० मीटर भरतो, जमिनीवरच्या आवाजाच्या वेगाहून किंचित जास्तच!

खरी गंमत पुढे आहे. ही चकती विरळ हवेसाठी बेतलेली. जमिनीलगतची दाट हवा तिने पूर्ण जोराने कोंबली, तर सिलिंडरमधलं मिश्रण ठिणगीची ज्योत पोचायच्या आधीच भडकतं. यालाच नॉकिंग म्हणतात, त्यात इंजिनाचा चुराडा होऊ शकतो. म्हणून खाली असताना हवेच्या वाटेवरची झडप आपोआप आवळलेली राहायची. आधी हवेचा गळा दाबायचा आणि मग तीच हवा पुन्हा फुगवायला इंजिनाची ताकद खर्चायची, असा हा उफराटा व्यवहार. त्यामुळे मर्लिन ३ जमिनीवरून उड्डाण घेताना फक्त ८८० अश्वशक्ती द्यायचं. विमान चढेल तशी झडप उघडत जायची, ती १६,२५० फुटांवर पूर्ण उघडली की १,०३०. त्याच्या वर पुन्हा उतार.

१९४० मध्ये १०० ऑक्टेनचं पेट्रोल आलं. नॉकिंगची भीती कमी झाल्यावर झडप खालीच जास्त उघडता येऊ लागली आणि तेच इंजिन ९,००० फुटांवर १,३१० अश्वशक्ती देऊ लागलं. सोळा हजारांच्या वर मात्र फायदा शून्य, कारण तिथे झडप आधीच सताड उघडी. ऑक्टेन म्हणजे इंधनातली जादा ताकद नव्हे, नॉकिंग सोसण्याची ऐपत. साध्या पेट्रोलसाठी बनवलेल्या स्कूटरमध्ये महागडं पेट्रोल ओतून "पिकअप वाढला" म्हणणाऱ्यांना पिकअप जाणवतो तो खिशातून गेलेल्या पैशांचा.

मार्क ५ च्या काही विमानांत तर चकतीच कापून साडेनऊ इंचांची केली. चकती लहान आणि ताकद जास्त: तीन हजार फुटांच्या आसपास सुमारे १,५८५! ती चकती फिरवायला कमी ताकद लागायची आणि हवाही कमी तापायची. वर गेल्यावर मात्र दम संपायचा. या विमानांच्या पंखांची टोकंही छाटलेली असत आणि बरीचशी जुनी, वापरून खिळखिळी झालेली. वैमानिक त्यावरून थट्टा करायचे.

मग मार्क ९. यातल्या मर्लिन ६६ मध्ये एकामागोमाग दोन चकत्या होत्या, त्यांना दोन गिअर, आणि दाबलेली हवा थंड करणारी सोय. सायकलला हवा भरताना पंपाचं बूड हाताला चटका देतं ना, तसंच इथे. तापलेली हवा पसरते, तेवढ्याच जागेत कमी मावते, शिवाय नॉकिंगलाही आमंत्रण. थंड केली की दोन्ही प्रश्न सुटतात. गिअरमुळे शिखरंही दोन: ५,७५० फुटांवर १,७२० आणि १६,००० फुटांवर १,५८०.

आता मार्क १ शी तुलना जमते. उंची जवळपास तीच, लिटरही तेच, आणि १,०३० चे १,५८०, म्हणजे दीडपटीहून जास्त. मार्क १४ चं ग्रिफन इंजिन दोन हजारांच्या पुढे गेलं, पण ते ३६.७ लिटरचं, त्याचा हिशेब वेगळा.

हे सगळं भाच्याला सांगितलं. त्याने कार्डं पुन्हा पिसली आणि म्हणाला, "आता आपण जमिनीवर आहोत. मामा, तुझं १,०३० पण नाही. ८८०."