वनस्पतिजन्य पर्यायी पदार्थांचे प्रामाणिक लेबलिंग

दूध, लोणी, चीज, मांस, अंडी अशा परंपरेने प्राण्यांपासून मिळणाऱ्या अन्नाची जागा घेण्यासाठी सोयाबीन, ओट, बदाम, वाटाणा, गहू किंवा नारळ यांपासून पदार्थ तयार केले जातात. अशा पदार्थाचे खरे स्वरूप ग्राहकाला विकत घेण्याआधीच आणि शोधाशोध न करता कळेल अशा रीतीने वेष्टनावर लिहिणे, याला त्याचे प्रामाणिक लेबलिंग म्हणतात. पदार्थ कशापासून केला आहे, मूळ पदार्थाच्या तुलनेत त्याचे पोषण कोठे कमी पडते आणि तो कोणाला अपायकारक ठरू शकतो, या तिन्ही गोष्टी त्यात येतात. कायद्यातील वाद मात्र बहुधा पर्यायी पदार्थाला मूळ पदार्थाचे नाव वापरू द्यावे की नाही या एकाच प्रश्नाभोवती फिरत राहिले आहेत, आणि त्यामुळे उरलेल्या प्रश्नांकडे व्हावे तितके लक्ष गेलेले नाही.

हा वाद नवा नाही. फ्रान्समध्ये तिसऱ्या नेपोलियनच्या काळात लोण्याला स्वस्त पर्याय शोधणाऱ्यास बक्षीस जाहीर झाले आणि १८६९ मध्ये इपोलीत मेज-मूरिएस या रसायनशास्त्रज्ञाने मार्गारिन तयार केले. ते मुळात गाईबैलांच्या चरबीपासून बनत असे. वनस्पती तेलांचा मोठा वापर पुढे विसाव्या शतकात सुरू झाला. मार्गारिनला पिवळा रंग देऊन ते लोणी म्हणून विकण्याचे प्रकार खरोखरच घडत होते, त्यामुळे नियंत्रणाची मागणी निराधार नव्हती. परंतु लोणी उत्पादकांच्या दबावाखाली झालेले कायदे फसवणूक रोखण्यापुरते थांबले नाहीत. अमेरिकेने १८८६ मध्ये मार्गारिनवर कर आणि परवाना शुल्क बसवले, तर कॅनडाने त्याच वर्षी त्यावर बंदी घातली आणि ती मधला काही काळ वगळता १९४८ पर्यंत टिकली. अमेरिकेतील काही राज्यांनी तर मार्गारिन गुलाबी रंगाचेच असले पाहिजे असे ठरवले. न्यू हॅम्पशर राज्याचा असा कायदा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १८९८ मध्ये रद्द केला. गुलाबी रंगाने ग्राहकाला पदार्थाबद्दल काहीच माहिती मिळत नव्हती, त्याला फक्त किळस येत होती. अशा सक्तीला लेबलिंग म्हणता येत नाही.

त्याच काळात जर्मनीने निवडलेला मार्ग अधिक समंजस होता. तेथील १८९७ च्या कायद्याने मार्गारिनमध्ये तिळाचे तेल मिसळणे बंधनकारक केले. तिळाच्या तेलाची बाउडूइन चाचणीत लाल छटा उमटते, त्यामुळे लोण्यात मार्गारिनची भेसळ झाली असल्यास प्रयोगशाळेत ती लगेच उघडकीस येई. भारतातही वनस्पती तुपाची शुद्ध तुपातील भेसळ ओळखता यावी म्हणून वनस्पती तुपात तिळाचे तेल घालण्याचा नियम याच तत्त्वावर करण्यात आला. या पद्धतीत पर्यायी पदार्थ विद्रूप केला जात नाही, त्याच्या खाणाऱ्याला हिणवले जात नाही आणि लबाडी करणारा मात्र सापडतो.

आंतरराष्ट्रीय पातळीवर अन्नाची मानके ठरवणाऱ्या कोडेक्स ॲलिमेंटेरियस आयोगाचे १९८५ चे सर्वसाधारण मानक वेष्टनबंद अन्नाचे वर्णन खोटे, दिशाभूल करणारे किंवा फसवे असू नये असे सांगते. दुग्धविषयक शब्दांच्या वापरासाठी १९९९ चे वेगळे मानक आहे. युरोपीय संघात ‘दूध’ हा शब्द सस्तन प्राण्यांच्या स्तनग्रंथींतून येणाऱ्या स्रावासाठीच राखीव आहे. १४ जून २०१७ रोजी युरोपीय न्यायालयाने ‘टोफूटाउन’ या कंपनीच्या प्रकरणात असा निर्णय दिला की, ‘वनस्पतिजन्य’ किंवा ‘सोया’ असा खुलासा जोडला तरीही दूध, लोणी, चीज, साय ही नावे निव्वळ वनस्पतिजन्य पदार्थांना देता येणार नाहीत. मात्र जी नावे परंपरेने रूढ आहेत त्यांची एक अपवाद-यादी आहे. तीत नारळाचे दूध आणि शेंगदाण्याचे लोणी यांना जागा आहे; फ्रेंच, स्पॅनिश व इटालियन भाषांतील ‘बदामाचे दूध’ हे नावही तीत आहे, पण ‘सोया दूध’ नाही. भाषा या रेषा इतक्या काटेकोरपणे पाळत नाही. मराठीतही नारळाचे दूध हा शब्द कोणाला फसवण्यासाठी घडलेला नाही, आणि मध्ययुगीन युरोपात उपवासाच्या दिवशी बदामाचे दूध सर्रास वापरले जात असे.

मांसाच्या बाबतीत स्थिती निराळी आहे, कारण ‘बर्गर’ किंवा ‘सॉसेज’ हे शब्द घटकापेक्षा आकार आणि वापर सांगतात. फ्रान्सने असे शब्द वनस्पतिजन्य पदार्थांना वापरण्यास फर्मानाद्वारे मनाई केली होती. त्यावर युरोपीय न्यायालयाने ४ ऑक्टोबर २०२४ रोजी स्पष्ट केले की, एखाद्या शब्दाची कायदेशीर व्याख्याच केलेली नसेल तर सदस्य राष्ट्राला अशी सरसकट बंदी घालता येणार नाही. एखादे विशिष्ट लेबल दिशाभूल करत असेल, तर त्यावर कारवाई करण्याचा अधिकार मात्र शाबूत राहतो. युरोपीय संसदेने २०२० मध्ये अशी बंदी नाकारली होती, पण ऑक्टोबर २०२५ मध्ये ती बंदीच्या बाजूने झुकली. अमेरिकेत दुधाचे मानक गाईच्या दुधापुरते लिहिलेले असूनही तेथील अन्न व औषध प्रशासनाने फेब्रुवारी २०२३ च्या मसुद्यात ‘सोया दूध’, ‘बदाम दूध’ अशी नावे चालतील असे म्हटले, आणि पोषणातील फरक वेष्टनावर ऐच्छिकरीत्या नमूद करण्याची शिफारस केली. भारतात २०२२ मध्ये व्हीगन, म्हणजे प्राणिजन्य घटक अजिबात नसलेल्या, अन्नासाठी स्वतंत्र नियम व बोधचिन्ह लागू झाले.

नाव कोणतेही असो, ते कसे छापले जाते यावर बरेच काही अवलंबून असते. ‘चीज’ हा शब्द बोटभर उंचीचा आणि ‘नारळाच्या तेलापासून’ हे शब्द वेष्टनाच्या मागे, घडीच्या आत असतील, तर प्रत्येक अक्षर खरे असूनही लेबल खोटे ठरते. युरोपीय संघाच्या २०११ च्या अन्नमाहिती नियमांनी हा मुद्दा नेमका पकडला आहे. पदार्थात अपेक्षित असलेला घटक बदलला असेल, तर बदली घटकाचा उल्लेख पदार्थाच्या नावालगत करावा लागतो आणि त्याच्या अक्षरांची उंची नावातील अक्षरांच्या उंचीच्या किमान ७५ टक्के असावी लागते. एखादा घटक नावात किंवा चित्रात ठळकपणे दाखवला असेल, तर त्याचे टक्क्यांतील प्रमाण देणेही बंधनकारक आहे. बदामांची रास छापलेल्या खोक्यातील पेयात बदाम सुमारे दोन टक्केच असल्याचे ग्राहकाला त्यामुळे कळू शकते. बंदीच्या कायद्यांपेक्षा हे दोन साधे नियम ग्राहकाच्या अधिक उपयोगी पडतात.

पोषणातील तफावत नावावरून ओळखता येत नाही. गाईच्या दुधात दर १०० मिलिलिटरमागे सुमारे ३.३ ग्रॅम प्रथिने असतात. सोया पेय त्याच्या जवळपास पोहोचते, पण बदामाच्या पेयात ती बहुधा अर्ध्या ग्रॅमच्या आसपास असतात. कॅल्शियम आणि ब-१२ जीवनसत्त्व वेगळे मिसळले नसेल, तर त्यांची तूट राहते. प्रौढ माणूस ही कमतरता इतर आहारातून भरून काढू शकतो, तान्ह्या बाळाला ते शक्य नसते. तांदळाचे पेय मुख्य आहार म्हणून दिल्याने बालकाला क्वाशिओरकोर हा प्रथिनांच्या अभावाने होणारा आजार झाल्याची आणि सोया पेयामुळे मुडदूस झाल्याची प्रकरणे अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१८ मध्ये उद्धृत केली होती. त्यामुळे ‘एक वर्षाखालील बाळाला आईच्या दुधाऐवजी किंवा शिशुदुग्धाऐवजी देऊ नये’ हे वाक्य अशा पेयांच्या दर्शनी भागावर असणे अत्यंत आवश्यक आहे.

ॲलर्जी असलेल्या व्यक्तीसाठी शब्दांची अचूकता जिवाशी निगडित असते. सोया, गव्हातील ग्लूटेन, काजू-बदाम आणि तीळ हे पर्यायी पदार्थांतील नेहमीचे घटक ॲलर्जी निर्माण करणारे आहेत. अमेरिकेत तिळाचा समावेश सक्तीच्या यादीत २०२३ पासून झाला. ‘वनस्पती-आधारित’ हा शब्द ‘व्हीगन’ या अर्थी सर्वत्र घेतला जात नाही, त्यामुळे अशा काही पदार्थांत बांधणीसाठी अंड्याचा पांढरा बलक असू शकतो. कॉफीत घालायच्या ‘नॉन-डेअरी’ पावडरमध्ये सोडियम कॅसिनेट हे दुधातलेच प्रथिन पुष्कळदा असते, आणि म्हणून अमेरिकी नियमांनुसार घटक-सूचीत त्यापुढे ते दुधापासून मिळवल्याचे लिहावे लागते. किण्वनाच्या साहाय्याने सूक्ष्मजीवांकडून दुधाची प्रथिने तयार करून घेण्याचे तंत्र आता बाजारात आल्यामुळे याच्या उलट पेच निर्माण झाला आहे. असा पदार्थ गाईशिवाय बनलेला असतो, त्यामुळे त्यावरील ‘प्राणिमुक्त’ हा दावा खरा असतो. तरीही त्यात दुधाचे प्रथिन असल्याने, दुधाची ॲलर्जी असलेल्याला तो दुधाइतकाच घातक ठरतो, आणि ‘यात दुधाचे प्रथिन आहे’ ही सूचना त्या दाव्याच्या शेजारीच, तितक्याच ठळक अक्षरांत असायला हवी.