खुलासा: झाडाची मुळे उंचीइतकी खोल जात नाहीत

झाड जेवढे उंच तेवढीच त्याची मुळे खोल, म्हणून बुंध्यापासून तीन-चार फूट सोडून खोदले की झाड वाचते, हा समज ठाण्यात नौपाडा-पाचपाखाडीकडच्या पुनर्विकासाच्या चर्चांमध्ये आजही ऐकू येतो. तो चुकीचा आहे. मुळांना पाण्याइतकीच हवाही लागत असल्याने बहुतेक झाडांची बहुतांश मुळे जमिनीच्या वरच्या साधारण एक मीटर थरातच असतात आणि पुष्कळदा फांद्यांच्या घेराबाहेरपर्यंत आडवी पसरतात. ‘बीएस 5837’ या ब्रिटिश मानकानुसार 1.5 मीटर उंचीवरील बुंध्याच्या व्यासाच्या 12 पट त्रिज्येचे वर्तुळ राखावे लागते; म्हणजे 50 सेंटिमीटर व्यासाच्या पर्जन्यवृक्षाभोवती 6 मीटर.

तळघराच्या खड्ड्याच्या कडेला मनगटाएवढी तुटकी मुळे लोंबत असतात, तरी झाड काही काळ हिरवेच राहते, आणि पुढे एखाद्या पावसाळ्यात कोसळले की दोष बिचाऱ्या वाऱ्याला मिळतो. बुंध्याशी रचलेली सिमेंटची पोती आणि फिरणारे डंपरही माती दाबून मुळांची हवा तोडतात, त्यामुळे पत्र्याचे कुंपण पहिला ट्रक येण्यापूर्वीच उभे राहायला हवे.

‘तोडले नाही, मग परवानगी कशाला?’ हा युक्तिवादही टिकत नाही, कारण महाराष्ट्राच्या 1975 च्या वृक्ष संरक्षण व जतन कायद्यात झाड तोडण्याच्या व्याख्येतच त्याला कोणत्याही प्रकारे इजा करणे येते. वास्तुविशारदाने आराखड्यावर झाडासाठी नुसता ठिपका न देता हे वर्तुळ आखले, तर रॅम्प कुठून वळवायचा हे कागदावरच ठरवता येते.